दाजी, ट्वीटर का जळत होते

दाजी, काल परत एक ट्वीटर गेला.

तुमचा तेरावा होऊन धड आठवडा नाही झाला, आणि गंगापूर रोडच्या लॉन्सवर हळदीच्या कार्यक्रमात डाव्या बाजूचा स्पीकरचा डबा बसला. पूर्ण बंद नाही पडला. खालचा आवाज चालू, वरचा, बारीक सुरांचा, गायब. गाणारी बाई गोधडी पांघरून गातेय असं वाटत होतं. आमच्या ऑपरेटरने, रफिकने, माझ्याकडे बघितलं. मी रफिककडे बघितलं. मग दोघांनीही तोंडात आलेलं गिळलं. वारलेल्या माणसाला शिव्या कशा द्यायच्या? जिवंत होतात तेव्हाही दिल्या नाहीत म्हणा. तुम्ही माझ्या बहिणीचे नवरे, आमच्या घरचे जावई. आमच्याकडे जावयाला शिवी द्यायची सोयच नाही.

तर आता देतो. आता तुम्ही उठून जाऊ शकत नाही.

सकाळपासून मी तुमच्या सिडकोतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलोय. माझ्या साउंड भाड्याने द्यायच्या धंद्यातले सगळे डबे टेम्पोत घालून इथं आणलेत, कारण ते सगळे तुम्ही बनवलेले. भिंतीला टेकवून ओळीने उभे केलेत. ताईने चावी दिली आणि म्हणाली, "उघड सगळे, आणि काय करायचं ते करून टाक." काय करायचं ते मला कित्येक वर्षांपासून माहीत आहे. ट्वीटरच्या आधी त्याची वीज कमी करणारा एक रेझिस्टर लावायचा आणि जाड सूर अडवणारा कपॅसिटर पहिल्यासारखा लहान करायचा. बस. पोराटोरांना जमेल असं काम आहे. पण तुमच्या हातचं काम मी उकलायचं, तेही तुमच्या पाठीमागे? नाही उकललं तर डबे जळत राहणार, आणि लोक म्हणणार, दाजी गेले आणि दाजींचे डबे पण गेले. कालच नवरीच्या काकांनी तसं बोलून दाखवलं. स्क्रू ड्रायव्हर हातात धरून मी नुसता बसलोय आणि माझं डोकं तापलंय.

तुम्हीच शिकवलं होतं ना मला हे सगळं? तुमचं क्रॉसओव्हर समजावणं अजून लोक मला ऐकवतात. "डब्यात दोन भाऊ राहतात. मोठा वूफर जाड सुरांचा, धाकटा ट्वीटर बारीक सुरांचा. क्रॉसओव्हर म्हणजे त्यांची आई. जाड भाकरी मोठ्याला वाढायची, पातळ पोळी धाकट्याला. धाकट्याच्या पोटात केसाएवढी तार असते, त्याच्या ताटात मोठ्याची भाकरी पडली की संपला तो." कॉइल म्हणजे काय, कपॅसिटर म्हणजे काय, हे न सांगता सगळं सांगून मोकळे व्हायचात. आणि मग स्वतःच धाकट्याच्या ताटात भाकऱ्या वाढत बसलात. का? वर्षानुवर्षं विचारतोय मी, का?

सुरुवात कशी झाली होती ते आठवा. तुम्ही ताईला बघायला आलात तेव्हा माझ्याकडे दोन भोंगे आणि एक जुना ॲम्प्लिफायर होता. सत्यनारायण, साखरपुडा, निवडणुकीची रिक्षा, जे मिळेल ते करायचो. कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन तुम्ही नवरी सोडून माझे भोंगे बघायला अंगणात गेलात. आईला वाटलं, मुलगा नकार देऊन चालला. तुम्ही आत येऊन म्हणालात, "हे भोंगे इकून टाका. लोकांवर वरडायचं का त्यांना गाणं ऐकवायचं?" लग्न ठरलं की नाही ते विचारायचं धाडस कुणी करेना. शेवटी तुम्हीच म्हणालात, "हां, आणि मुलगी पसंत हाय." ताई अजून त्याचा राग धरून आहे, माहीत आहे ना?

सातपूरच्या कारखान्यात तुमची प्रेस शॉपची, पत्रे ठोकणाऱ्या मशीनवरची, नोकरी. पहिली पाळी संपली की घरी येऊन जेवायचात आणि शेडमध्ये शिरायचात. प्लायवूड स्वतः निवडायचात, बोटाच्या पेरांनी ठोकून बघायचात. पीव्हीसीचा पाइप कापून त्यावर तांब्याची तार गुंडाळायचात, आणि रीळ धरायला ताई समोर पाटावर. नवीन लग्न झालेलं, लोक सोमेश्वरला फिरायला जातात, हे दोघं तार गुंडाळतायत. मी चिडवायचो तुम्हाला. तेव्हा तुम्ही हसायचात तरी.

आणि ते खुर्चीत बसणं! डबा तयार झाला की शेडच्या मधोमध खुर्ची ठेवायची, टाळांच्या भजनाची एकच कॅसेट लावायची, डोळे मिटायचे. रेझिस्टर बदल, परत बस. परत बदल, परत बस. अर्ध्या ओहमसाठी संध्याकाळच्या संध्याकाळी घालवायचात. मी म्हणायचो, दाजी, मंडपात बसलेल्या माणसाला अर्धा ओहम काय कळतो? तुम्ही म्हणायचात, "त्याला नाय कळत. पण तो उठून जात नाय, का जात नाय तेबी त्याला कळत नाय." ट्वीटरबद्दल तर तुमचा एकच नियम. "ट्वीटर वाजतोय असं कळलं म्हणजे चुकला. तो नाय असं वाटलं पाहिजे, आणि काढला तर गाणं गेलं पाहिजे."

पहिली जोडी पंचवटीत एका भजनाला लावली. कार्यक्रम संपल्यावर पखवाज वाजवणारे म्हातारबाबा डब्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "चार टाळकरी होते, मला चौघं वेगळे ऐकू आले." तुम्ही नुसती वायर गुंडाळत राहिलात, पण त्या दिवशी तुम्ही टेम्पोत गाणं म्हणत घरी आलात. बेसूर, पण म्हणत आलात. त्यानंतर माझा धंदा असा चालला की भोंगे मी भंगारात घातले. देवळाली कॅम्पपासून मालेगावपर्यंत लोक "दाजींचे डबे" मागायला लागले. मला कुणी संजय साउंड म्हणेना. गिऱ्हाइकं पण तुम्हाला दाजी म्हणायची, ज्यांचा तुमच्याशी काही संबंध नाही तीसुद्धा. "नाशकात कान असावा तर दाजीचा" असं लोक बोलायचे, आणि ते खरं होतं. माझं घर उभं राहिलं ते तुमच्या कानावर, हे मी आजही नाकारत नाही.

मग ट्वीटर जळायला लागले.

कॅसेटी जाऊन सीडी आल्या, तेव्हाची गोष्ट. आधी एक गेला. मग महिन्यात दोन गेले. तुम्ही सगळ्यात आधी रफिकला धरलं. "तुमचा हा गडी ॲम्प्लिफायरचा कान पिळतो. ॲम्प्लिफायर दमला की गाण्याची टोकं कापतो, आणि ती सगळी आग धाकट्याच्या डोक्यावर जाते." बरोबर आहे, असं होतं. रफिक मालेगावचा, बोलायला फटकळ. तो म्हणाला, "दाजी, कसम से, मी अर्ध्याच्या पुढे हात नाय नेला. तुमचा डबाच गरम दिमागचा झालाय." तुम्ही त्याच्याशी महिनाभर बोलला नाहीत. मी मोठा ॲम्प्लिफायर घेतला. तरी जळले. मग तुम्ही म्हणालात, हल्लीचे ट्वीटरच भिकार. मी दुसरे आणले, तेही जळले. मग म्हणालात, सीडीत वरचे सूर फार असतात. अहो, सीडी सगळ्या नाशकात वाजत होती, जळत फक्त आपले होते!

नाकी नऊ आले माझ्या. ऐन मंगलाष्टकांत डबा बसायचा. शेवटी मी तुम्हाला न विचारता एक डबा उघडला. बघतो तर ट्वीटरच्या आधीचा रेझिस्टर गायब. त्या जागी सरळ तार. आणि कपॅसिटर दुप्पट मोठा, म्हणजे जाड भाकरी थेट धाकट्याच्या ताटात. मला आधी वाटलं दुसऱ्या कुणी केलं. पण तो कथिलाचा गोल, चकचकीत डाग तुमचाच. तसा डाग नाशकात दुसरा कुणी देत नाही.

तुम्हाला विचारलं तर काय म्हणालात? "गाणं उघडलं पाहिजे. आधी हे डबे बंद खोलीत बसल्यागत वाजायचे."

"दाजी, पण हे टोचतंय."

"तुला सवय नाय, संजू."

"अहो तुम्हीच म्हणायचात ना, ट्वीटर कळता कामा नये?"

"ते तवाचं," म्हणालात आणि रेडिओ लावलात. मोठ्याने. विषय संपला. दाजींनी विषय संपवला की संपला, मेव्हण्याने पुढे बोलायचं नाही. मी मुकाट्याने चपला घातल्या आणि घरी गेलो, आणि घरी जाऊन बायकोवर ओरडलो. तिचा काय दोष?

मग मी ती बल्बची युक्ती केली. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब ट्वीटरच्या वाटेत घातला. वीज जास्त झाली की बल्ब पेटतो, स्वतः गरम होतो, ट्वीटर वाचतो. पुस्तकातली युक्ती आहे, चोरीमारी नाही. तुम्ही नेमके त्याच लग्नाला मालेगावला आलात. पहिलंच गाणं लागलं आणि डब्याच्या भोकातून पिवळा उजेड बाहेर. लुकलुक, लुकलुक. पोरं बोटं दाखवून हसायला लागली. तुम्ही मंडपातून चालत आलात, तुमचं तोंड लालबुंद. सगळ्यांसमोर मागची फळी उघडलीत, बल्ब ओढून काढलात आणि माझ्या हातावर ठेवलात. "माझ्या डब्यात मोटारसायकल नाय चालवायची, मेव्हणे." रागावलात की मी मेव्हणे व्हायचो, एरवी संजू. एक तासात तो ट्वीटर जळला. तुम्ही जेवणाच्या पंगतीत बसला होतात, मला बघून बघितलं नाही असं केलंत. अहो, पहिल्याच गाण्याला बल्ब पेटला म्हणजे डब्यातच काहीतरी घोळ आहे, हे शेंबड्या पोराला कळेल. तुम्हाला कळत नव्हतं? तुम्हाला?

आणि मग तो अधिक महिना. त्या दिवसाची आठवण आली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आदल्याच आठवड्यात पाठोपाठ ट्वीटर गेलेले, एका पार्टीने पुढचं काम दुसऱ्याला दिलेलं, आणि घरात काय, तर जावयाला धोंड्याचं जेवण! वडील नाहीत म्हणून तुमचे पाय मी धुवायचे. मी धुतले. तुम्हाला शर्टपीस मी द्यायचा. दिला. आईने पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार. तुम्ही पहिला घास घेतलात आणि म्हणालात, "मेव्हणे, तुमच्या माणसांना वाजवायला शिकवा. माझे डबे बदनाम व्हायला लागलेत."

तिथं माझं सुटलं. मी म्हणालो, "दाजी, यापुढे तुमच्या डब्यातला एकही ट्वीटर मी बदलणार नाही. जळला की जळका डबा तुमच्या दारात आणून टाकीन."

आईच्या हातातला तुपाचा चमचा खाली पडला. "संजू! जावयाच्या ताटावर असं बोलतात? कुणी शिकवलं तुला?" ताई ओट्याजवळ उभी होती, ती आत निघून गेली. तुम्ही मात्र चिडला नाहीत. हेच मला कळलं नाही तेव्हा. तुम्ही खाली बघून धोंडा कुस्करत राहिलात आणि म्हणालात, "राहू द्या आई. बरोबर बोलला तो." एवढंच. अहो, बरोबर बोललो तर मग लावायचा ना रेझिस्टर! नाही लावलात. त्या दिवसापासून जळके ट्वीटर तुम्ही स्वतः येऊन बदलून जायला लागलात, गपचूप, मी दुकानात नसताना. रफिक मला नंतर सांगायचा, दाजी येऊन गेले.

हरसूलची संध्याकाळ आठवते? शाळेच्या कार्यक्रमाला आपण दोघंच गेलो होतो, रफिकच्या घरी लग्न होतं म्हणून. डबे लावले, आवाज तपासला, बंद केला. सूर्य डोंगराआड गेलेला. आणि रातकिडे असे लागले होते की मला तुमच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. चारी बाजूंनी नुसता किर्र आवाज. तुम्ही टेम्पोच्या फाळक्यावर बसलात, पाय हलवलेत, आणि म्हणालात, "काय शांतता हाय रे. लय बरं वाटतं."

मला वाटलं, चेष्टा करताय. मी हसून म्हणालो, "हो ना, एवढे रातकिडे सोडले तर."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग अंधारातल्या झाडांकडे बघितलंत. आणि म्हणालात, "हां. ते सोडले तर."

ते "हां" माझ्या डोक्यातून गेलं नाही. परत येताना घाटात ते दोन-तीनदा जिभेवर आलं. दाजी, एकदा कान दाखवून या. एवढंच तर म्हणायचं होतं. पण कोणत्या तोंडाने म्हणू? ज्या माणसाच्या कानावर अख्खा जिल्हा विश्वास ठेवतो, त्याला मेव्हण्याने सांगायचं की तुमचा कान तपासा? धोंड्याच्या ताटावर बोललो तर आई महिनाभर माझ्याशी सरळ बोलली नव्हती. आणि वाटलं, नसेल तसं. माझं चुकलं असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. सांगायचं तुम्ही होतं. मी विचारलं असतं तर तुम्ही रेडिओ लावला असता.

आणि मग तुम्ही एका सकाळी चहाचा कप हातात असताना गेलात. छातीत कळ आली, कप सांडला, संपलं. भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुमची ही सवय जुनीच.

काल लॉन्सवरून मी थेट ताईकडे आलो. ती भांडी पुसत होती. मी दारातूनच सुरू झालो. "ताई, दाजींनी जाता जाता माझं वाटोळं केलंय. आज परत जळला. काय खूळ घेतलं होतं डोक्यात त्यांनी, एक रेझिस्टर लावायला काय होत होतं?"

ताईने पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "त्यांना वरचं ऐकू यायचं नाही रे."



"प्रेस शॉपने खाल्ले कान. किती वर्षं तो धडधडाट. खालचं सगळं नीट ऐकू यायचं, बोलणं पण यायचं, पण बारीक काही नाही. घड्याळाचा गजर मी बंद करायचे. डॉक्टरने मशीन लावा म्हटलं होतं. म्हणाले, कानात मशीन घालून दाजी डबे तपासतो, असं लोकांनी म्हणायचं का? मला शपथ घातली. संजूला तर अजिबात सांगायचं नाही म्हणाले."

संजूला तर अजिबात सांगायचं नाही. वा दाजी, वा!

तेव्हा कुठे सगळं जागेवर बसलं. तुम्हाला ट्वीटर ऐकू येईना, म्हणून तुम्ही रेझिस्टर काढून त्याला मोठा केलात. तरी येईना, म्हणून कपॅसिटर वाढवून त्याला खालच्या सुरांत आणलात, तुमच्या कानाला जिथपर्यंत पोचता येत होतं तिथपर्यंत. तुम्ही धाकट्याला हाका मारत होतात, आणि तो जळत होता. एवढं साधं होतं. आणि मी रफिकला बोलणी खायला लावली, ॲम्प्लिफायर बदलला, बल्ब लावले!

मी ताईला म्हणालो, "मग ट्यूनिंग कसं करायचे ते?"

"मला बसवायचे की खुर्चीत."

हे मी स्वतः बघितलं होतं. शेवटची वर्षं तुम्ही ताईला हाक मारायचात, ती कणकेचे हात घेऊन यायची, तुमच्या त्या खुर्चीत बसायची. तुम्ही विचारायचात, "आता कसं वाटतंय?" मी चिडवायचो, काय दाजी, हल्ली बायकोला विचारल्याशिवाय रेझिस्टर पण लावत नाही. तुम्ही हसून घ्यायचात. म्हणजे तुम्ही तिचे कान उसने घेत होतात. ठीक आहे, ते मी समजू शकतो. ताईचे कान चांगले आहेत, गल्लीच्या टोकाला भाजीवाला ओरडला तरी तिला कळतं. मग तिने कसं नाही सांगितलं की टोचतंय?

विचारलं. तर ती पदराला हात पुसत म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? एवढा मोठा माणूस, सगळा जिल्हा विचारायला येतो, त्याला मी काय सांगू? मी त्यांचं तोंड बघायचे. तोंडावर हसू आलं की म्हणायचे, हां, आता छान."

दाजी, मला हसावं का रडावं कळेना. तुम्ही तिला विचारताय कारण तुम्हाला ऐकू येत नाही. आणि ती तुमचं तोंड बघून सांगतेय कारण तिला वाटतं तुम्हालाच सगळं ऐकू येतं. तिच्यावर विश्वास ठेवून तुम्ही कथिलाचा डाग देताय, तुमच्यावर विश्वास ठेवून ती छान म्हणतेय, आणि माझे ट्वीटर फटाफट मरतायत! एका घरात राहत होतात ना तुम्ही? एका ताटात जेवत होतात! एकदा, फक्त एकदा, कुणीतरी खरं बोललं असतं तर?

तर दुपारपर्यंत तुमच्याशी असा भांडत बसलो होतो. दुपारी ताई चहा घेऊन शेडमध्ये आली. तोवर मी हिय्या करून एकाच डब्यात रेझिस्टर लावला होता, लहान कपॅसिटर टाकला होता. शेजारचा तुमच्या हातचा तसाच. मी तुमची खुर्ची मधोमध ओढली आणि म्हटलं, "बस ताई." ती नको नको म्हणाली. मी म्हटलं, "बस. पण आज माझं तोंड बघायचं नाही." आणि मी तिच्याकडे पाठ करून ॲम्प्लिफायरपाशी बसलो.

तीच टाळांची कॅसेट. आधी तुमचा डबा लावला.  मी मागे वळलो नाही. ताई म्हणाली, "टोचतंय. दातात कळ येते माझ्या."

मग माझा लावला. थोडं वाजू दिलं.

"हां," ती म्हणाली. "हे पहिल्यासारखं. पंचवटीचं होतं तसं. टाळ सुटे सुटे येतात."

माझा परत पारा चढला. मी वळलो. "म्हणजे तुला कळत होतं! इतकी वर्षं टोचत होतं आणि तू छान छान म्हणत बसलीस?"

ताईने चहाचा कप खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज माझ्यापेक्षा चढा होता. "अरे, टाळ ऐकू आले की ते हसायचे ना! दिवसभर तोंड पाडून बसलेला माणूस, तेवढ्यापुरता हसायचा. मी काय म्हणू, बंद करा?"

 चहा गार झाला, तसाच प्यायलो.

मग मात्र भराभर उरकलं. संध्याकाळपर्यंत सगळे डबे झाले. तुमचा एकेक डाग वितळवताना तोंडाने बडबड चालूच होती माझी. रफिक येऊन मदत करायला लागला. तुमच्या सरळ तारा काढून तुमच्याच बरणीतले रेझिस्टर लावले, तुम्हीच कधीतरी काढून ठेवलेले. टाकून दिले नव्हतेत. ते का ठेवले होते, हेही विचारायचं राहिलं. आता हे डबे जळणार नाहीत. लोक म्हणतील दाजींचे डबे परत पहिल्यासारखे झाले, आणि मी काही दुरुस्त करणार नाही त्यांचं बोलणं. नाव तुमचंच राहील.

शेवटी उरली ती तुमच्या बैठकीच्या खोलीतली लहान जोडी. रविवारी सकाळी अंघोळ करून तुम्ही समोर बसायचात ती. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरात गेलो, एक डबा कपाटावरून खाली घेतला, पालथा घातला. ताई दारात उभी होती. नको म्हणाली नाही, कर म्हणाली नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी डबा परत वर ठेवला.

ती जोडी राहील तशीच. ताई म्हणते, मी आपली हळू लावीन. पण मला माहीत आहे, एखाद्या रविवारी ती तुमच्यासारखं मोठ्याने लावणार. दाजी, धोंड्याच्या ताटावर मी जे बोललो होतो, ते या एका जोडीपुरतं मागे घेतो. तिचा ट्वीटर जळला तर मी बदलीन. तुम्हाला शिव्या देत देत, पण दर वेळी मीच येऊन बदलीन.